संध्याकाळचा भोंगा

भोंगा वाजणार नाही, हे मला माहीत होतं. जंगलातून परत येताना आम्ही चौघं ज्या आवाजाची वाट बघत थांबलो होतो तो येणार नाही, हे त्या चौघांत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल मी पुढे अनेकांशी बोललो. बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, कारखान्यातल्या नव्या पोरांना तर जंगलातली एक फजिती म्हणून रंगवून सांगितलं. दर वेळी हे वाक्य तेवढं गाळलं. म्हणून आज तेच आधी लिहितो.

जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत जो वाढला नाही, त्याला भोंगा म्हणजे काय हे सांगावं लागेल. आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण ते भोंग्यावरून लावलं जायचं. सकाळच्या भोंग्याला बाबा सायकल बाहेर काढत. दुपारच्या भोंग्याला आई तवा ठेवी. संध्याकाळच्या भोंग्याला आम्ही खेळ मोडून घराकडे पळायचो. सुटीच्या रविवारी मात्र फक्त संध्याकाळचा भोंगा वाजे. मोठी माणसं सांगायची, कुठे वाट चुकलात तर रडत बसू नका, भोंगा होईपर्यंत थांबा आणि मग त्याच्या दिशेनं चालू लागा. रात्र झालीच तर आभाळाकडे बघा. कारखान्यावरचं आभाळ तांबूस दिसतं, त्याच्या खाली आपलं घर. आमच्यापैकी कोणी कधी फार लांब हरवलं नाही, त्यामुळे हे शहाणपण तपासून बघायची वेळही कधी आली नाही.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात ते तांबूस आभाळ गेलं. युद्ध जाहीर व्हायचं होतं, पण कारखान्यात ते पावसाळ्यापासूनच सुरू झालं होतं. एका पाळीला दुसरी पाळी जोडली गेली, रविवारच्या सुट्या रद्द झाल्या, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. सायकलच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी रंगवायचा हुकूम निघाला. संध्याकाळ झाली की सगळी वसाहत विझून जायची. दाराशी आलेला माणूस आवाज दिल्याशिवाय ओळखू येत नसे.

या अंधाराची सर्वांत जास्त भीती माझ्या एका मित्राला होती. त्याला रातांधळेपणा होता. तो टर्नर होता. लेथवर स्वतःचा दिवा असतो, त्या उजेडात त्याचं काम चोख व्हायचं. पण दिवस मावळला की मोकळ्या जागेत त्याला काही म्हणजे काही दिसत नसे. त्याच्या आजोबांना हेच होतं. नोकरी त्याला वडील गेल्यावर मिळालेली, घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. कारखान्याच्या डॉक्टरांना कळलं असतं तर त्याला मशीनवरून उतरवलं असतं, हे त्यानं धरून ठेवलं होतं. त्याच्या घराबाहेर हे फक्त मला माहीत होतं.

आम्ही दोघं एकाच वेळी सुटायचो आणि सोबत आमच्या गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत यायचो. मी पुढे, तो मागे. मी सारखी घंटी वाजवत राहायचो आणि तो त्या घंटीच्या मागे सायकल चालवायचा. खड्डा आला की दोनदा, वळण आलं की लांब. लोक हसायचे. "काहून बे, बँडपथकात भरती व्हायचंय का तुला?" असं कोणीतरी रोज विचारायचं. मी म्हणायचो, सवय आहे. त्याचं गुपित सांभाळतो याचा मला मनातून अभिमान वाटत असे. हा अभिमानही लिहून ठेवला पाहिजे, कारण पुढचं त्यातूनच आलं.

कित्येक आठवड्यांनी एक रविवार मोकळा मिळणार होता. आदल्या संध्याकाळी गेटवर गर्दी होती. दरवानाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं काही लिहिलेलं होतं. उजेड जवळजवळ संपला होता. मित्र माझ्या सायकलच्या सीटला हात लावून उभा होता. मी मान उंचावून वाचलं: उद्यापासून पाळीचे भोंगे बंद. भोंगा फक्त हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी. सराव कधीही होऊ शकतो.

"काय लिहून राहिले?" त्यानं विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणालो. मागून लोक ढकलत होते आणि मला घरी जायची घाई होती.

रविवारी आम्ही चौघं नर्मदेकाठच्या तिलवाऱ्याला निघालो. मी आणि तो. तिसरा रेल्वेतला एक फिटर. तो बोलण्यापेक्षा शिट्ट्या जास्त वाजवायचा, म्हणून आम्ही त्याला गार्डसाहेब म्हणत असू. चौथे होते ते आमच्याहून वयानं मोठे, त्यांना सगळे भैया म्हणत. ते मित्राच्याच सेक्शनमध्ये चार्जमन होते, म्हणजे त्याचे वरिष्ठ. नागपूरला नातलगाचं लग्न आटोपून ते त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आले होते. मित्राला त्यांच्यासोबत यायचं नव्हतं. पण संध्याकाळचे सगळे कार्यक्रम टाळून टाळून त्याची कारणं संपत आली होती. भैयांनी एकदा सहज विचारलंही होतं, "का रे, तुला आम्ही आवडत नाही का?"

"उजेडात घरी आणतो," मी त्याला सांगितलं. "माझी जबाबदारी."

नदीपलीकडच्या चहाच्या टपरीवर सायकली ठेवल्या. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. पाऊस नव्हता, पण सूर्य कुठे आहे हे सांगता येत नव्हतं. टेकड्यांच्या पलीकडे कोणी कधी गेलेलं नव्हतं. भैयांनी विचारलं, "वाट माहीत आहे का कोणाला?"

"वाट काय, जाऊ तिकडे होईल," गार्डसाहेब म्हणाला. "सिग्नल हिरवा आहे. चलो."

"चुकलो तर?"

"संध्याकाळचा भोंगा आहे ना," मी म्हणालो. आईशपथ सांगतो, त्या क्षणी फळ्याची आठवण मला नव्हती. जन्मभराची सवय बोलली.

आत शिरल्यावर पहिला तासभर गंमत चालली. सागाची मोठमोठी वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजायची की बोलणं ऐकू येईना, म्हणून हळूहळू बोलणं थांबलं. मग लक्षात आलं की पानं सोडून दुसरा आवाजच नाही. पाखरू नाही, लाकूडतोड्याची कुऱ्हाड नाही, गुराची घंटा नाही. आम्ही थांबलो की सगळं थांबायचं. एका ठिकाणी वाटेत दगडांना शेंदूर लावलेला होता आणि वरच्या फांदीला चिंध्या बांधलेल्या होत्या, जुन्या, रंग उडालेल्या. गार्डसाहेबानं शिट्टी घालायला ओठ पुढे केले आणि तसेच मिटले.

माथ्यावर एका खडकाशी आम्ही डबे सोडले. पोळ्या, झुणका, तिळाची चटणी. जेवून झाल्यावर गार्डसाहेब आडवा झाला आणि कारखान्याच्या भोंग्याची नक्कल करू लागला. आधी घोगरा, मग चढत गेलेला लांब सूर. भैया हसले. मित्रही हसला. आणि मला फळा आठवला. अक्षरन् अक्षर आठवलं.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. आल्या वाटेनं लगेच उतरलो असतो तर उजेडात नदीवर पोचलो असतो. पण सांगायचं म्हणजे "नेहमीचंच" हे खोटं होतं हे सांगायचं. मित्र माझ्याकडे बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "वेळेत होईल न?"

"होईल की. तू बिनघोर राहा."

मला मनातून घाई झाली होती, आणि ती लपवायची होती. म्हणून मी जवळची वाट शोधली. उताराच्या दुसऱ्या बाजूला झाडांच्या खोडांवर डांबराचे पट्टे मारलेले होते आणि त्यावर आकडे. एकामागून एक, सरळ रेषेत. मी म्हणालो, ही खुणा केलेली वाट आहे, जंगल खात्याची, थेट सडकेवर निघेल. आम्ही कारखान्यातली माणसं. मशीनशॉपमध्ये जमिनीवर पिवळा पट्टा असला की तो दारापर्यंत नेतोच, त्याच्यावर कोणी शंका घेत नाही. भैयांनीही घेतली नाही. आम्ही त्या आकड्यांच्या मागे उतरत गेलो, एक ओढा ओलांडला, दुसऱ्या बाजूनं चढलो, पुन्हा उतरलो.

खुणा एका मोकळ्या जागेत संपल्या. तिथे नुसते बुंधे होते. दूरपर्यंत कापलेल्या झाडांचे बुंधे, त्यांच्यामधून उगवलेलं गवत, आणि कडेला रचून ठेवलेले ओंडके. पट्टे वाटेचे नव्हतेच, तोडायच्या झाडांचे होते. ज्या झाडांवर विश्वास ठेवून आलो ती सगळी पुढच्या खेपेला पडणार होती.

उजेड पिवळट होऊन मग करडा झाला होता. भैयांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चला, बसा इथंच. भोंगा होईलच आता. दिशा कळली की निघू."

आम्ही बुंध्यांवर बसलो. मी त्या बसण्यासारखं दुसरं काही आयुष्यात भोगलेलं नाही. तिघं मान वर करून, श्वास रोखून ऐकत होते आणि मी त्यांच्यात तसाच मान वर करून बसलो होतो. गवताचा रंग गेला. मग गवतच गेलं. मित्रानं माझा शर्ट मागून धरला.

"काहून नाही वाजून राहिला बे?" गार्डसाहेब कुजबुजला.

"वारा उलटा असेल," मी म्हणालो.

वारा नव्हताच.

शेवटी भैया उठले. थांबून उपयोग नाही, ओढ्याच्या बाजूनं चालू, म्हणाले. मी पुढे झालो. मित्रासाठी मी एक वाळकी काठी उचलली आणि दर पावलाला ती दगडावर आपटू लागलो. जागा खराब असली की दोनदा. तो माझ्या मागोमाग पाय टाकत होता. मागून गार्डसाहेब म्हणाला, "ठक ठक काय लावलंय? वाघाला पत्ता सांगून राहिला का?" कोणी हसलं नाही.

आणि तेव्हा भोंगा वाजला.

पण तो आमचा भोंगा नव्हता. तो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. इशाऱ्याचा सूर. आम्हाला वाटलं युद्ध लागलं, विमानं आली. शिकवल्याप्रमाणे आम्ही चौघं पालथे पडलो, कोपरं टेकून छाती वर, दातांत रुमाल, कानांवर हात. टेकड्यांमध्ये तो आवाज सगळीकडून येत होता, जमिनीतूनही आल्यासारखा. माझ्या नाकाशी ओल्या पानांचा कुजका वास होता आणि डोक्यात फळ्यावरची शेवटची ओळ होती. सराव कधीही होऊ शकतो. हा सराव आहे, हेसुद्धा मी सांगितलं नाही. तिघं मरणाची वाट बघत पडले आणि मी त्यांच्यासोबत पडलो.

आवाज थांबल्यावर बराच वेळ कोणी उठेना. मग मित्र म्हणाला, "मागून आला. डाव्या हाताकडून, मागून." त्यानं कानांवर हात ठेवलेच नव्हते. संध्याकाळनंतर ऐकण्याशिवाय त्याच्याकडे दुसरं होतं काय?

"समोरून आला," मी म्हणालो. मी जिकडे नेत होतो तिकडून.

भैया विचारात पडले. "मलाही समोरूनच वाटला. पण हा खात्रीनं म्हणून राहिला. याचं ऐकून बघू."

माझ्या हातून खुणांची वाट चुकली होती, उजेडात नेण्याचा शब्द चुकला होता. आता माझ्या हातून पुढे चालणंही जात होतं. मी म्हणालो, "त्याला काय विचारता भैया? त्याला अंधार पडला की दिसत नाही. रातांधळा आहे तो."

ऐकण्याचा आणि दिसण्याचा संबंध नव्हता, हे मला बोलतानाच कळत होतं.

अंधारातूनच भैयांनी मित्राला विचारलं, "खरं आहे?"

"हो जी," तो म्हणाला. घरी, बाहेर, तो त्यांना कधी जी म्हणत नसे. फक्त सेक्शनमध्ये.

"ऐकलं नसतं तर बरं झालं असतं रे. मी चार्जमन आहे."

आम्ही माझ्याच दिशेनं निघालो. मित्रानं माझा शर्ट सोडला होता. मी हात मागे केला, त्यानं तो धरला नाही. मला राग आला. केलं मी होतं आणि राग मला त्याचा आला. मी काठी आपटणं थांबवलं. हातात होती, पण आपटली नाही. बघू कसा येतो, असं मनात आलं होतं. इतकी वर्षं मी त्या थांबवण्याला वेगवेगळी नावं देऊन पाहिली, थकवा, भीती, विसर. पण मनात आलेले शब्द हेच होते.

थोडं पुढे ओढ्याचा काठ तुटलेला होता. मला दिसला, मी वळसा घेतला. मागे दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि मग एक हलका, चकित झाल्यासारखा "अरे", आणि खाली पाण्यात काहीतरी जड.

घोट्याचं हाड मोडलं होतं. भैयांनी नागपूरच्या लग्नात मिळालेलं उपरणं पिशवीतून काढून बांधलं. मग आम्ही वळलो आणि तो म्हणाला होता तिकडे, डाव्या हाताला, मागे चालू लागलो. आळीपाळीनं त्याला पाठीवर घेतलं. फार चालावं लागलं नाही. झाडं विरळ झाली, नदीचा गारवा तोंडावर आला, आणि समोर शहर असायला हवं होतं तिथे नुसता काळोख होता. एकही दिवा नाही. टपरीवाल्यानं आवाज दिला नसता तर आम्ही टपरीही ओलांडून गेलो असतो.

माझी पाळी असताना तो माझ्या कानाशी एकदाच बोलला. "काठी काहून थांबवली?"

मी म्हणालो, "मोडली."

भैयांनी त्यांचं कर्तव्य केलं. मी त्यांना दोष देत नाही. पाय बरा झाल्यावर मित्राची डोळ्यांची तपासणी झाली आणि त्याला लेथवरून काढून स्टोअरमध्ये दिवसपाळीला बसवलं. खिळे, वॉशर, चिंध्या. नोकरी राहिली, पण हातातलं काम गेलं. बहिणींची लग्नं लांबली. तो थोडा लंगडत चालू लागला. मी स्वतःला समजावत आलो की अंधारात मशीनवर काही झालं असतं तर, म्हणजे जे झालं ते बरंच झालं. हे खरंही असेल. पण मी ते त्याच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं.

मैत्री तुटली नाही, हे जास्त वाईट झालं. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. तो म्हणायचा, "नशीबच खराब होतं त्या दिवशी. भोंगाही नाही वाजला." भोंगे बंद झाले होते हे त्याला नंतर कळलंच असणार, साऱ्या कारखान्याला कळलं. पण मला आधी माहीत होतं, हे त्याच्या मनात कधी आलं नाही. मी मान डोलवायचो.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या भाचीचा साखरपुडा झाला. जेवणाच्या पंगतीत त्यानं मला हाताला धरून मुलाकडच्या मंडळींसमोर नेलं. आता त्याला दिवसाही कडेचं दिसत नाही, माणूस हातानं चाचपून धरतो. "हा माझा दोस्त," तो म्हणाला. "यानं मला जंगलातून पाठीवर आणलं. हा नसता तर मी तिथेच राहिलो असतो." मंडळींनी मला नमस्कार केला. मी पानात वाढलेलं तसंच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी गोरखपूरला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पावलांवरून त्यानं ओळखलं. "ये बे. काल जेवला नाहीस नीट. बहीण नाराज आहे."

मी खाली पायरीवर बसलो. म्हणालो, "भोंगा बंद होणार, हे फळ्यावर लिहिलं होतं."

"कोणत्या फळ्यावर?"

"गेटच्या. आदल्या संध्याकाळी. तू माझी सीट धरून उभा होतास. काय लिहिलंय म्हणून विचारलंस."

त्याचं तोंड माझ्या आवाजाकडे वळलेलं होतं, डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे. गल्लीत उजेड कमी होत होता आणि ते त्याला कळत नव्हतं.

"काय लिहिलं होतं?" त्यानं विचारलं.

मी त्याला वाचून दाखवलं. उद्यापासून पाळीचे भोंगे बंद. भोंगा फक्त हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी. सराव कधीही होऊ शकतो. मग म्हणालो, "हे मला वर जेवताना आठवलं होतं. तुला सांगितलं नाही. भैयांना तुझं सांगितलं, ते माझी चूक झाकायला सांगितलं. काठी मोडली नव्हती. माझ्या हातात होती. मी मुद्दाम थांबवली. माझं चुकलं. मला माफ कर."